उजव्या हाताचा साहेब

माझी भाची बेळगावात कंप्युटरच्या कंपनीत लागली, तेव्हा पहिल्या पगाराचे पेढे घेऊन ती निपाणीला आली. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, कार्डावर तिचा फोटो आणि फोटोखाली तिच्या हुद्द्याचं लांबलचक इंग्रजी नाव. ते तिनं मला दोनदा म्हणून दाखवलं. तिच्या वर कोण, त्यांच्या वर कोण, कुठल्या विभागानं काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे सगळं तिनं पेढ्यांच्या खोक्यावर बोटानं चौकोन काढून समजावलं. मी ऐकत होते. ऐकणं मला जमतं. तिचं सांगून झाल्यावर मी विचारलं, "तुझ्या उजव्या हाताला कोण बसतंय गं?"

ती हसली. "मावशी, तिथं तसं नसतंय. ज्याला जिथं जागा मिळंल तिथं बसायचं."

ती गेल्यावर दिवसभर मला सदाअण्णा आठवत राहिले. त्यांच्याबद्दल कुणापुढं बोलायला गेले तर माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. लोकांसमोर माझं आधीपासून असंच होतं. म्हणून लिहिते. कुणाला दाखवायचं नाही.

सदाअण्णा मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. उंच, थोडे वाकलेले आणि मान कायम एका बाजूला तिरकी. वर्षानुवर्षं रेडिओला कान लावून ती तशीच राहिली होती. त्यामुळे तुम्ही काहीही सांगितलं तरी ते फार लक्ष देऊन ऐकताहेत असं वाटायचं. आणि ते खरंच ऐकत असायचे. खिशात टेस्टर, कानामागं पेन्सिल, आणि बोटांच्या टोकांना कथलाचा डाग देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, भाजल्याच्या खुणा.

त्या वेळी निपाणीत टीव्ही आला नव्हता. घरोघरी सेलवर चालणारे रेडिओ होते आणि सेल महाग. लोक सेल उन्हात वाळत घालायचे, दातानं दाबून बघायचे. अण्णांनी घरच्या लाइटीवर रेडिओ चालवायचा एक डबा बनवला. त्याला एलिमिनेटर म्हणतात. पहिल्यांदा त्यांनी दुकानातच चार-सहा केले, ते हातोहात गेले. मग त्यांनी तंबाखूची एक रिकामी वखार भाड्यानं घेतली आणि कारखाना काढला.

त्या वखारीत तंबाखू नव्हती, पण तिचा वास भिंतीत मुरला होता. नवा माणूस आत आला की शिंका सुरू. कोल्हापूरहून माल घ्यायला येणारे व्यापारी रुमाल नाकाला लावून सौदा करायचे. अण्णांनी यावरून एक नियमच केला होता. कारखान्यात कुणाला कामावर घेतल्याचा कागद मिळत नसे. "शिंका थांबल्या की तू कामावर," असं ते म्हणायचे. आम्ही बायका मात्र सगळ्या विड्या वळणाऱ्या. तंबाखूतच वाढलेल्या. आम्हाला एक शिंक येईना. "तुम्ही तर पहिल्याच दिवशी कायम झालासा की गं," म्हणून अण्णा हसले.

विडी वळणाऱ्या बायकाच त्यांना हव्या होत्या. एलिमिनेटरमध्ये तांब्याची केसासारखी बारीक तार गुंडाळावी लागते. ती ओढली की तुटते आणि सैल सोडली की पसरते. अण्णा म्हणाले, "जी बाई पान न फाडता विडी वळती, तिला तार कळती."

तार आम्हाला कळली. बाकीचं कळायला वेळ लागला. विडीत कसं, एक बाई पान कातरते, तीच तंबाखू भरते, तीच दोरा बांधते. विडी सगळी तिची. इथं तसं नव्हतं. एकीनं तार गुंडाळायची, दुसरीनं त्यात लोखंडाचे पत्रे भरायचे, तिसरीनं डाग देऊन जोडायचं, चौथीनं रेडिओला लावून आवाज ऐकायचा, पाचवीनं डब्यात बसवून बांधायचं. पाचही जणी ओळीनं भुईवर पाटावर बसायच्या आणि काम डावीकडून उजवीकडं सरकायचं. अण्णांनी कामांना कसली मोठी नावं दिली नाहीत. तारेचा पाट, पत्र्याचा पाट, डागाचा पाट, आवाजाचा पाट आणि डब्याचा पाट. एवढेच आमचे विभाग.

तारेच्या पाटावर भागाक्का होती. आमच्यात सगळ्यात मोठी. पहिल्या आठवड्यात तिनं गुंडाळलेल्या तारा पंचवीस-पंचवीसच्या जुड्या करून विडीच्या दोऱ्यानं बांधून ठेवल्या. अण्णांनी ते बघितलं आणि डोक्याला हात लावून बसले. पण खरी गोष्ट त्यानंतर घडली. एका संध्याकाळी घरी जाताना भागाक्काच्या जेवणाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि भाकरीच्या फडक्यातून तारेची भेंडोळी खाली पडली. सगळी बिघडलेली. ओढ्यात टाकायला भागाक्का ती चोरून घरी नेत होती.

भागाक्का रडायलाच लागली. "छाट कापू नका अण्णा. मी घरी बसून परत करून देती."

विड्यांच्या कारखान्यात छाट असायची. माल द्यायला गेलं की मेस्त्री मुठीनं विड्या उचलायचा, न बघता बाजूच्या टोपलीत फेकायचा आणि म्हणायचा, छाट. त्या विड्यांचं मोल मिळायचं नाही आणि विड्याही परत मिळायच्या नाहीत. काय चुकलं हे विचारायची सोय नव्हती. आम्ही सगळ्या त्याच भीतीत वाढलेल्या.

अण्णांनी भेंडोळी उचलून पाटावर मांडली. म्हणाले, "भागाक्का, हितं छाट कोण करणार?"

"तुम्ही."

"मी कशाला करू? मला काय कळतंय तुझ्या तारेतलं? तुझी तार कुणाच्या हातात जाती?"

"मालनच्या. पत्र्याच्या पाटावर."

"मग तार चांगली का वाईट, हे मालन सांगणार. ती तुझी साहेब. मालनची साहेब तिच्या उजव्या हाताची. असं शेवटपर्यंत. बिघडलं तर परत द्यायचं, काय बिघडलंय ते सांगायचं. पैसं कापायचं न्हाईत. आणि फेकायचं न्हाय. हातात द्यायचं."

मालन तेव्हा लग्न होऊन नुकतीच आलेली पोरगी. ती पदर तोंडावर घेऊन हसायला लागली. भागाक्का रडता रडता तिला म्हणाली, "हसतीस काय, साहेब झालीस म्हणून?"

तेव्हापासून ते चालू झालं. चेष्टेनं सुरू झालं आणि मग अंगवळणी पडलं. "साहेब, बघा की," म्हणून वस्तू पुढं द्यायची आणि "न्हाय गं, पुन्हा कर," म्हणून ती परत यायची. अण्णा ओळीच्या डाव्या टोकाला बसून भागाक्काला तारेचं रीळ द्यायचे. म्हणजे त्यांच्या उजव्या हाताला भागाक्का. रीळ गंजकं निघालं की ती मोठ्यानं ओरडायची, "मालक, घ्या तुमचं परत!" आणि अण्णा उठून दोन्ही हातांनी ते परत घ्यायचे. त्यांच्या घरच्या वहिनी सांगायच्या, घरीही हेच चालतं. भाकरी करपली की ते ताट सरकवत नाहीत, भाकरी वहिनींच्या हातात परत देतात. मग वहिनीही त्यांनी बाजारातून आणलेली किडकी वांगी त्यांच्या हातात परत देतात. "दोन साहेब एका घरात," वहिनी म्हणायच्या, "स्वयंपाक व्हायचा कधी?"

मला अण्णांनी आवाजाच्या पाटावर बसवलं. माझ्यापुढं एक जुना रेडिओ होता. तयार झालेला एलिमिनेटर त्याला जोडायचा आणि ऐकायचं. चांगला असेल तर नुसतं गाणं. वाईट असेल तर गाण्याच्या मागं बारीक घूं घूं. अण्णा त्याला म्हणायचे, "रडतंय." आणि डबा फार तापला तर ते तो गालाला लावून बघायचे, आई पोराचं अंग बघते तसं, आणि म्हणायचे, "ह्याला ताप आलाय." आमच्या कारखान्यात यंत्र बिघडत नसे, ते रडायचं नाही तर तापायचं.

मला ऐकू यायचं सगळं. सांगता येत नव्हतं. डाव्या हाताला डागाच्या पाटावर हौसाबाई होती. तोंडानं फटकळ, हातानं सुरेख. तिचा डाग तांदळाच्या दाण्यासारखा दिसायचा. तिला मी कसं सांगणार, तुझं चुकलंय? पहिले दोन-तीन दिवस रडणारे डबे मी माझ्या मागं ठेवत गेले. ढीग झाला. अण्णा आले, माझ्या शेजारी उकिडवे बसले, ढिगाकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "शेवंता, तुला बोलायला लाज वाटती. व्हय ना?"

मी मान हलवली.

"मग बोलू नको. एकच शब्द म्हण. रडतंय. एवढंच तुझं काम. भाषण करायचं न्हाय."

त्या एका शब्दावर माझी नोकरी उभी राहिली. तेवढा मी म्हणू शकत होते.

पण दुसरी एक अडचण होती, ती मी अण्णांना सांगितली नव्हती. आम्ही बौद्ध. हौसाबाई तयार झालेली वस्तू माझ्या हातात देत नसे. आमच्या दोघींच्या मध्ये भुईवर ठेवायची, मी उचलायची. मी परत द्यायला हात पुढं केला की ती समोर बघतच म्हणायची, "ठेव तिथं." मीही ठेवायचे. सवयीचं होतं ते. गावात दुकानदारही पैसे असेच ठेवायला सांगायचे. त्यात नवीन काही नव्हतं, म्हणून वाईटही वाटत नव्हतं असं मी स्वतःला सांगायचे.

एके दिवशी अण्णांनी दुसऱ्या टोकावरून ते पाहिलं. चहा झाला, बायका परत जागेवर बसल्या, आणि मग ते चालत आले. आमच्या दोघींच्या मध्ये भुईवर एक एलिमिनेटर होता. त्यांनी तो उचलला नाही. त्याच्याकडं बोट दाखवून म्हणाले, "हौसा, हे कुणाचं?"

"माझं झालं करून. आता तिचं."

"शेवंता, हे तुझं?"

मी उचललं नव्हतं. मी म्हटलं, "न्हाय अजून."

"मग आत्ता हे कुणाचं?"

सगळ्या बायका भुईवरच्या त्या डब्याकडं बघायला लागल्या.

"तिचं झालं, हिचं अजून न्हाय. मधल्या मधी कुणाचंच न्हाय. पाय लागून तार तुटली तर कोण सांगणार? हातातनं हातात गेलं की एक सोडती तवा दुसरीनं धरलेलं असतंय. भुईवर ठेवलं की त्याला साहेब न्हाय. असली वस्तू माझ्या कारखान्यात नको." एवढं बोलून ते परत जाऊन आपल्या जागी बसले. आवाज चढवला नाही. जातीचा एक शब्द काढला नाही.

हौसाबाईनं मान खाली घातली. कान लाल झाले होते. मग तिनं तो भुईवरचा एलिमिनेटर उचलला, पदराला हात पुसले आणि माझ्यापुढं धरला. मी घेतला. नुकताच डाग दिलेला असल्यामुळे तो गरम होता, आणि तिची बोटंही गरम होती. तिनं बोटं लगेच काढली नाहीत. मी नीट धरलंय का हे बघून मगच सोडली.

त्यानंतर पावसाळ्यात कधीतरी तिनं डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "बघ साहेब, रडतीया का." तिखटानं माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

पुढं गावात टीव्ही आले आणि विजेचा काही भरवसा नव्हता. टीव्ही जळू नये म्हणून त्याच्या आधी लावायचा स्टॅबिलायझर लागायला लागला. एलिमिनेटरच्या जोडीला आम्ही तेही करायला लागलो. मागणी एवढी वाढली की पाच पाटांच्या पाच ओळी झाल्या तरी माल पुरेना. अण्णांकडं भांडवल नव्हतं. बेळगावच्या एका शेठनी ते घातलं आणि कारखान्याचा मोठा वाटा त्यांचा झाला. शेठ वाईट नव्हते. त्यांनी एक मॅनेजर पाठवला. हिरेमठ साहेब. बेंगळूरला शिकलेले, तरुण, मराठी बोलताना कानडी वळण. चांगला माणूस. पण शिंकांनी बेजार. बोलायला तोंड उघडलं की शिंक.

हिरेमठ साहेबांना शेठनी सांगितलं होतं, कारखान्याचा तक्ता करून आणा. कोण कुठल्या विभागात, कोण कुणाच्या हाताखाली. ते मोठा पांढरा कागद घेऊन पहिल्या ओळीत आले आणि डब्याच्या पाटावरच्या गंगूबाईपासून सुरुवात केली. गंगूबाई ओळीत शेवटची, माझ्या उजव्या हाताची. साठीकडं झुकलेली, कशाला न भिणारी.

"अम्मा, तुमचं साहेब कोण?"

"माझा साहेब घरात असतोय. रेडिओ ऐकत."

"ते नवऱ्याचं सोडा हो. कारखान्यातला सांगा."

"नवरा कुठला? त्याला जाऊन दहा वरसं झाली. गिऱ्हाईक म्हणती मी. ह्यो डबा घेऊन जातोय त्यो. बिघडला तर त्योच आणून देतोय माझ्या हातात."

साहेबांनी शिंकत शिंकत काहीतरी लिहिलं. मला विचारलं. मी उजवीकडं बोट केलं. हौसाबाईनं माझ्याकडं बोट केलं. मालननं हौसाबाईकडं. साहेबांचा कागद आडवाच भरत चालला, वर जाईना. भागाक्कापर्यंत आल्यावर त्यांनी पेन बंद केलं आणि अण्णांकडं बघून म्हणाले, "आणि ह्यांचं साहेब कोण?"

भागाक्का म्हणाली, "मीच की!"

अख्खी वखार हसली. अण्णा तर डोळे पुसत हसले. हिरेमठ साहेबही हसले. पण त्यांच्यापुढं प्रश्न खरा होता. शेठना ते काय दाखवणार? तक्त्यात सगळ्यात वर गिऱ्हाईक आणि सगळ्यात खाली मालक.

महिन्याभरानं बेळगावहून तयार तक्ता आला. उत्पादन विभाग, तपासणी विभाग, भांडार, विक्री, हिशेब. प्रत्येकाला प्रमुख, प्रमुखाचं शिक्षण काय पाहिजे तेही लिहिलेलं. पाट गेले, टेबलं आणि स्टुलं आली. खरं सांगायचं तर आमच्या पाठी त्या टेबलांनी वाचवल्या. आम्हाला बिल्ले मिळाले. माझ्या बिल्ल्यावर कनिष्ठ तपासनीस असं होतं. मी तो घरी नेऊन आईला दाखवला, ती त्याच्यावरून हात फिरवत बसली. हौसाबाईला डागाच्या कामाची पर्यवेक्षक केलं. म्हणजे तिनं आता बसायचं नाही, उभं राहून बाकीच्यांकडं लक्ष द्यायचं. माझ्या डाव्या हाताचं तिचं स्टूल रिकामं पडलं.

आणि दोन विभागांच्या मध्ये ट्रे आले. हिरवा आणि लाल. झालेलं काम हिरव्यात ठेवायचं, पुढच्या टेबलानं त्यातून उचलायचं. बिघडलेलं लाल ट्रेमध्ये. ते कुणाचं, कुठून आलं, कुणी विचारायचं नाही. संध्याकाळी दुरुस्तीवाला येऊन लाल ट्रे घेऊन जायचा. काम भराभर व्हायला लागलं. माझा तो एक शब्दही मला म्हणावा लागेना.

तक्त्यात अण्णांना चौकोन नव्हता. प्रमुखाला डिप्लोमा पाहिजे आणि अण्णा सातवी शिकलेले. शेठनी त्यांचा मान ठेवायचा म्हणून त्यांना सल्लागार केलं. वखारीच्या कोपऱ्यात प्लायवूडची केबिन बांधली. आत टेबल, पंखा, फिरती खुर्ची, दारावर नावाची पाटी. आम्ही सगळ्या जेवणाच्या सुट्टीत ती बघायला गेलो. गंगूबाईनं खुर्ची फिरवून बघितली. अण्णा पाहुण्यांना घर दाखवावं तसं आम्हाला सगळं दाखवत होते. हौसाबाई म्हणाली, "लई झकास झालंय की अण्णा. आता आराम करा." ते "व्हय व्हय" म्हणाले.

पण सल्ला विचारायला कोण येणार? विभागप्रमुख बेळगावला फोन करायचे. मी बसायचे तिथून केबिनची काच दिसायची. अण्णा आधी टेबलाशी बसले. मग एके दिवशी टेबल ओढताना दिसले. दुसऱ्या दिवशी खुर्ची दुसऱ्या बाजूला. असं बरेच दिवस चाललं. बायका हसायच्या, अण्णांना वारं लागंना वाटतं. शेवटी मी चहाच्या वेळी केबिनवरून जात होते, तर त्यांनी हाक मारली.

"शेवंता, आत ये. बघ, आता बरोबर बसलंय का."

खुर्ची अशी लावली होती की दार त्यांच्या उजव्या हाताला येत होतं.

"आधी उजव्या हाताला भिंत होती," ते म्हणाले. "भिंतीला काय देणार? मग खिडकी आली. आता दार आलंय. पर दिवसभरात ह्या दारातनं चहावाला तेवढा येतोय. त्यो कप ठेवतोय, मी रिकामा कप त्येच्या हातात देतो. आता त्योच माझा साहेब."

ते हसत होते, पण मान नेहमीपेक्षा जास्त तिरकी झाली होती, कुठून काही ऐकू येतंय का हे बघत असल्यासारखी. मी रिकामा कप त्यांच्या हातातून घेतला आणि बाहेर आले.

पुढच्याच आठवड्यात ते हिरेमठ साहेबांकडं गेले. आमच्या टेबलांशेजारीच ते उभे राहून बोलले, त्यामुळे आम्हाला ऐकू आलं.

"साहेब, हौसाचं स्टूल रिकामं हाय. मला तिथं बसू द्या."

हिरेमठ साहेब गडबडले. "अण्णा, तुमी हो? तुमाला तिथं कसं बसवायचं? शेठ काय म्हणतील? तक्त्यात तुमाला कुठल्या डिपार्टमेंटात दाखवू?"

"दाखवू नका. नुसतं बसवा."

"तुमी कंपनी काढलेलं माणूस."

"म्हणून तर. मला कुणाला तरी कायतरी द्यायचंय, साहेब. हातात. तेवढं करा."

हिरेमठ साहेबांनी रिकाम्या स्टुलाकडं बघितलं. तोपर्यंत त्यांच्या शिंका थांबल्या होत्या, हे मला तेव्हा लक्षात आलं. मग त्यांनी स्वतः ते स्टूल रुमालानं पुसलं.

पंचाईत झाली हौसाबाईची. ती अण्णांची पर्यवेक्षक झाली. अण्णा बसले की ती पदर डोक्यावर घेऊन पाठीमागं सासऱ्यासमोर उभं राहावं तशी उभी. "मी ह्यांना काय सांगू गं? डाग द्यायला ह्यांनीच मला शिकवलं." अण्णा मागं न बघता म्हणायचे, "हौसा, तू माझ्या उजव्या हाताला न्हाईस. तू कशाला घाबरतीस? माझी साहेब हिकडं हाय." आणि माझ्याकडं मान करायचे. मला लाजेनं जमिनीत शिरावंसं वाटायचं.

ते हिरव्या ट्रेमध्ये काही ठेवत नसत. त्यांचा एलिमिनेटर झाला की ट्रेच्या वरून हात पुढं करून माझ्या हातात द्यायचे. मी घेतला की मगच सोडायचे. तेवढ्यासाठी माझं काम क्षणभर थांबायचं, आणि हिरेमठ साहेब ते बघून न बघितल्यासारखं करायचे. त्या क्षणापुरती मी समोरून डोळे काढून एका माणसाच्या तोंडाकडं बघायचे. केबिनमध्ये बसून बारीक झालेले अण्णा पुन्हा भरले. चहाला उठले की भागाक्काच्या टेबलाशी जाऊन तिच्याशी भांडून यायचे, "साहेब, तार चांगली हाय न्हवं?"

किती दिवस ते तिथं बसले हे मला आता नीट सांगता यायचं नाही. पुढं त्यांची नजर गेली, ते घरी राहिले, आणि एका थंडीत गेले. मी घरी जाऊन भेटले होते. वहिनींनी माझ्या हातात चहा दिला, अण्णांनी आवाजावरून मला ओळखलं. पण अण्णा मला आठवतात ते तसे नाही. मला आठवतो तो त्याच्या आधीचा एक दिवस.

सकाळची वेळ होती. अण्णांनी दिलेला एलिमिनेटर मी रेडिओला जोडला. गाणं लागलं, आणि गाण्याच्या मागं बारीक घूं. मला वाटलं, रेडिओचं असेल. वायर काढून परत जोडली. तीच घूं. अण्णांच्या हातची वस्तू कधी रडली नव्हती. मी डाग बघितला. तो तांदळासारखा नव्हता, पसरून फिक्का झाला होता. त्यांना तो दिसला नव्हता. गेले काही दिवस ते काम डोळ्यांच्या अगदी जवळ धरत होते, ते मला तेव्हा उमगलं.

लाल ट्रे माझ्या समोरच होता. त्यात ठेवला असता तर कुणाचा ते कुणाला कळलं नसतं. अण्णांना तर नाहीच. हौसाबाई मागं उभी होती. तिनंही घूं ऐकली असणार. मी तिच्याकडं बघितलं, तर तिनं डोळ्यांनीच मला लाल ट्रे दाखवला. राहू दे, ठेव त्यात. त्या डोळ्यांत अण्णांविषयी नुसती माया होती. मलाही तसंच करावंसं वाटत होतं. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं?

पण ट्रेमध्ये ठेवलं की ते कुणाचंच नाही. आणि मग त्या स्टुलावर बसूनही अण्णांच्या उजव्या हाताला भिंतच.

मी एलिमिनेटर हातात घेतला आणि डावीकडं वळले. "अण्णा," एवढं म्हटलं आणि पुढचं निघेना. त्यांनी मान तिरकी केली.

"काय साहेब?"

"रडतंय."

सगळ्या टेबलांवरचे हात थांबले. अण्णांनी दोन्ही हात पुढं केले. ते माझ्या हातापासून थोडे बाजूला आले, मला सरकून वस्तू त्यांच्या तळव्यात ठेवावी लागली. त्यांनी ती धरली आहे हे बघून मी सोडली.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचं बोट धरून त्या डागावर ठेवलं. त्यांनी नखानं चाचपलं.

"व्हय. थंड बसलाय, धरला न्हाय. माझीच चूक." आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला, भागाक्कानं गंजकं रीळ परत केल्यावर उजळायचा तसा. "बघितलंस न्हवं, हौसा? ही सोडती व्हय मला? थांबा साहेब, करून देतो."

त्यांनी मान अगदी खाली घालून, बोटानं जागा शोधत, वेळ घेऊन डाग दिला. फुंकर मारली. गालाला लावून बघितला. मग ट्रेच्या वरून हात पुढं केला आणि मी घेतल्यावर सोडला. मी जोडलं. गाणं लागलं. मी डोळे मिटून गाण्याच्या मागं ऐकलं. काही नव्हतं.

"थांबलं का रडायचं?" अण्णांनी विचारलं.

"थांबलं."

गंगूबाईनं उजवीकडून आधीच हात पुढं केला होता. मी ते तिच्या हातात दिलं.